‘ओंजळ’चा पहिला नंबर

दुधाच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं, तर आपण पुणेकर त्याचे कसे वाभाडे काढतो! आणि स्वतःला घाई असली, की “एकच मिनिट हं,” म्हणत हळूच पुढे सरकतो. आमोदही तुमच्याआमच्यासारखाच. वाईट माणूस मुळीच नव्हता तो. पण त्याच्या हातून जे झालं ते ऐकून मला राहवलं नाही, म्हणून सांगते.

कर्वेनगरात आमोदचं ऑफिस. इंटरनेटवरचे पत्ते, म्हणजे वेबसाइटची नावं, नोंदवून द्यायचा व्यवसाय. यंदा ‘डॉट पुणे’ अशी नवी नावं निघणार होती आणि ती वाटायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने जाहीर करून टाकलं, “आधी नोंदवा. जो पहिला येईल, नाव त्याचं!”

पहिल्याच सकाळी हडपसरहून कल्याणी आली, बस बदलत बदलत. तिचं डायलिसिस चालू होतं. जिना चढून इतकी दमली, की आधी पाणी मागितलं. तिला ‘ओंजळ डॉट पुणे’ हवं होतं. रक्त कुठे मिळेल, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, गावाहून आलेल्या नातेवाइकांनी राहायचं कुठे, हे सगळं पेशंटच्या घरच्यांना एका जागी मिळावं म्हणून.

“नक्की मिळेल ना, सर?”

“अहो, पहिला नंबर तुमचाच! नाव तुमचंच समजा.”

पोरीने ते खरं मानलं. नावाची कार्डं छापून घेतली आणि वॉर्डावॉर्डांत वाटली.

पुढे जयसिंगराव बिल्डर आले. वारज्यात त्यांची ‘ओंजळ’ नावाची सोसायटी उभी राहत होती. त्यांनाही तेच नाव हवं होतं, आणि ते म्हणाल ती किंमत द्यायला तयार होते. आमोदने नियमच फिरवला. एका नावाला दोघे असतील, तर लिलाव! कल्याणीला तसा ईमेल गेला, तेव्हा ती आयसीयूत होती. तिथून कसली बोली लावणार बिचारी? नाव बिल्डरकडे गेलं.

मग एके दिवशी जयाताई आमोदसमोर येऊन बसल्या. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका.

“मी कल्याणीची आई. रविवारी तिचं तेरावं झालं.”

आमोद दचकला. “फार वाईट झालं, ताई. पण नावाचं म्हणाल तर नियमाप्रमाणे...”

“नाव मागायला नाही आले. तिची कार्डं अजून लोकांकडे आहेत. रक्त शोधणारा माणूस तिथे जातो, तर त्याला बिल्डरच्या जाहिरातीतला पोहण्याचा तलाव दिसतो. ती मुलगी आता नाही, वाट बघू नका, एवढी एक ओळ तिथे टाकता येईल का?”

मग म्हणाल्या, “अजून एक विचारायचं होतं. शेवटी शेवटी तिने मोबाइलवर ते फ्लॅट बघितले. मला म्हणाली, आई, मला उशीर झाला का गं? त्या दिवशी माझी पहिली बस चुकली होती ना! मी काय सांगणार? खरंच उशीर झाला होता का हो तिला?”

जयाताई उत्तराची वाट बघून उठल्या आणि निघून गेल्या.

कोपऱ्यात आमोदचे वडील गोपाळकृष्ण पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपराची घडी घातली.

“छान नियम काढलास. पोरगी येऊन गेल्यावर!”

“बाबा, कायद्यात बसतं ते.”

“हो ना, बसतं. ती मात्र उभीच राहिली. अरे, स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून कुणी नुसता रुमाल टाकला, तरी अख्खी गाडी ती जागा मानते. रुमाल सुती की रेशमी, कुणी विचारत नाही. ही तर स्वतः तुझ्या दारात आली होती. तू तिला शब्द दिला होतास!”

“चुकलो हो मी, बाबा!” आमोदला रडू कोसळलं.

त्याने त्याच दिवशी जयसिंगरावांना फोन लावला. त्यांनी आधी त्याचा यथेच्छ उद्धार केला. मग कार्डांची हकिगत ऐकली आणि नाव सोडलं.

आमोद हडपसरला गेला आणि जयाताईंच्या हातात मोबाइल दिला. ‘ओंजळ डॉट पुणे’ उघडलं होतं. रक्तपेढ्यांचे नंबर होते, आणि सगळ्यांत वर लिहिलं होतं: ‘हे नाव सर्वांत आधी कल्याणीने नोंदवलं. तिला उशीर झाला नव्हता.’

जयाताईंनी ते वाचलं. उठल्या आणि मोबाइल लेकीच्या फोटोसमोर धरला.

“बघ गं बाई, तुला उशीर नव्हता झाला. तूच पहिली होतीस!” आणि इतके दिवस स्वतःला आवरून धरलेल्या त्या माउलीने हंबरडा फोडला. आमोद दारातच उभा राहिला. त्याला पुढे जाववेना.

मंडळी, जो आधी आला त्याचा हक्क आधी. मागून कुणी मोठा आला म्हणून त्याला बाजूला सारायचं नसतं, मग ती दुधाची रांग असो नाहीतर इंटरनेटवरचं नाव. आणि दिलेला शब्द माणूस आहे तोवर पाळावा. आमोदने शब्द पाळला खरा, पण ते बघायला कल्याणी नव्हती.