पाठीमागची चार पावलं

शिट्टीने टेबलाच्या कडेवरची बशी बोटाने ढकलली आणि मोजायला सुरुवात केली.

"एक... दोन... तीन..."

बशी जमिनीपासून वीतभर वर थांबली होती. समोर उकिडवी बसलेली घाईकाकू गाल फुगवून, डोळे मोठ्ठे करून तिच्याकडे बघत होती. ही काकू गेल्याच महिन्यात सोळा वर्षांची झाली होती. पण कुठलंही काम तिला कालच झालेलं हवं असायचं, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. आपण श्वास रोखला की नजरेसमोर पडणारी वस्तू हवेतच थांबते, हा शोध तिला तीन महिन्यांपूर्वी लागला होता. वस्तू वर जात नसे, बाजूला सरकत नसे. नुसती पडायची राहत असे. आणि वस्तू जितकी जड, तितका श्वास लवकर संपे. रुमाल मिनिटभर राही, पाण्याची बादली जेमतेम बारा आकडे.

शिट्टी तिचा मामेभाऊ, तिच्याहून सहा महिन्यांनी लहान. काही फुटणार असलं की त्याच्या डाव्या कानात आधी बारीक शिट्टी वाजे. आत्ताही त्याने कान चोळला.

"एक्केचाळीस! अगं, रेकॉर्ड झालं—"

तिला हसू फुटलं आणि बशीही.

"काय फुटलं रे?" आतून घाईकाकूच्या आईचा आवाज आला.

"बशी!"

"धरायला नाही ना गेलात?"

"नाही!" दोघं एका सुरात ओरडली. तसं पाहिलं तर ते खरंच होतं.

आई काचा बसवायची. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कुणाच्या न्हाणीघराच्या. मदतीला तिचा धाकटा भाऊ, म्हणजे शिट्टीचे बाबा. त्यांच्या कामात एक नियम होता, तो घरातल्या मुलांना चालता येण्याआधी पाठ झालेला असे. पडती काच धरायची नाही. कोणी "काच!" म्हणून ओरडलं की हात वर आणि चार पावलं मागे. म्हणूनच काच उचलण्याआधी प्रत्येकाने आपल्या पाठीमागची चार पावलं चालून बघायची, वाटेत काही नाही ना ते. मामाच्या हे इतकं अंगात भिनलं होतं, की स्वयंपाकघरात चमचा पडला तरी तो हात वर करून मागे सरके.

बावीस वर्षांत आईच्या कामावर एकही काच फुटली नव्हती. एरवी दिवसभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू असे. हवा, गिऱ्हाईक, भावाचं सुटलेलं पोट, काहीही चाले. फक्त काच हवेत असली की ती एकदम गप्प होई. "ताईला गप्प करायला काचच लागते," असं मामा म्हणे, आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसे.

आज ती पहिल्यांदाच घाईकाकूला कामावर नेणार होती. तीन महिने पोरीने डोकं खाल्लं होतं.

"आज नीट केलंस तर उद्यापासून रोज," आईने गाडीत बसताना सांगितलं. "नाहीतर काचांच्या कडा घासत बस घरी."

घाईकाकूने मान डोलावली.

काम एका नव्या वाचनालयाचं होतं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला दाराएवढी काच लावायची होती. आई परांचीवर चढली. वर कप्पी, कप्पीतून दोर, दोराला पट्ट्यांमध्ये अडकवलेली काच. दोर ओढायला शिट्टी, आणि काच भिंतीवर आपटू नये म्हणून खालून तिला सांभाळायला मामा. मामाने रीतीप्रमाणे मागे चार पावलं चालून पाहिली आणि तो जागेवर आला.

घाईकाकूचं काम एवढंच, की दुसरी काच ज्या लाकडी घोड्यावर उभी होती, तो घोडा फाटकापाशी सांभाळत थांबायचं. पण फाटकापासून खिडकी किती लांब! ही काच लागली की लगेच ती उचलता यावी, म्हणून तिने घोड्याच्या चाकांची खीळ काढली आणि तो हळूच ढकलत मामाच्या पाठीमागे आणून लावला. आई बघून खूश होईल, असंच तिच्या मनात होतं.

काच वर निघाली. आईचं बोलणं थांबलं. काच मामाच्या डोक्याच्या वर गेली, मग आणखी वर.

शिट्टीने एकदम डावा कान खांद्यावर घासला.

"कान!" तो ओरडला. हा त्यांचा इशारा होता.

वरचा पट्टा सटकला.

"काच!" आईची आरोळी.

मामाने हात वर केले, डोळे मिटले आणि पाऊल मागे टाकलं. पहिलंच पाऊल घोड्यावर धडकलं. त्याने पुन्हा मागे रेटून पाहिलं, पण कमरेच्या हत्यारांच्या पट्ट्याची कडी घोड्याच्या फळीत अडकली होती.

घाईकाकूने श्वास घेतला.

काच मामाच्या टाळूपासून दोन हात वर थांबली. तिरकी. तिच्यात आभाळ दिसत होतं.

शिट्टी दोर सोडून धावला. बापाची कडी ओढता ओढता सवयीने मोजायला लागला. "एक... दोन... बाबा, हलू नका... तीन..."

तिने एवढं जड कधी धरलं नव्हतं. चारालाच छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. हा घोडा मी इथे आणला. सहाला कानात दडे बसले. मीच आणला. आठाला काचेच्या कडा धूसर व्हायला लागल्या, आणि नवाला, तिने दात गच्च आवळूनही, श्वास सुटला.

तिने डोळे गच्च मिटले.

"दहा," शिट्टी म्हणाला. "अकरा..."

आवाज आला नाही. तिने एक डोळा उघडला. काच होती तिथेच होती. ती स्वतः तर धापा टाकत होती, शर्यत धावून आल्यासारखी. मग हे कोण?

तिने वर पाहिलं.

परांचीच्या कठड्यावर ओणवी होऊन आई काचेकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल, मानेची शीर दोरीएवढी फुगलेली. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"सतरा... अठरा... निघाली!"

शिट्टीने कडी सोडवली आणि बापाला मिठी मारून बाजूला आडवं पाडलं. आईने श्वास सोडला. बावीस वर्षांतली पहिली काच फरशीवर आली आणि तिचा चुरा फाटकापर्यंत उडाला.

मामाने डोळे उघडले. हात अजून वरच होते.

"मला वाटलं, कधीची पडतेय ही!" तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. शिट्टी मात्र आत्याकडे बघत राहिला, मग घाईकाकूकडे, मग पुन्हा आत्याकडे.

आई शिडी उतरून आली. तिने आधी भावाचं डोकं चाचपून पाहिलं, मानेवर एक चापट दिली, आणि मग ती लेकीसमोर उभी राहिली. दोघींनाही अजून धाप लागत होती.

"घोडा कोणी आणला इथे?"

"मी." घाईकाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "लवकर व्हावं म्हणून."

आईने कपाळावरचा घाम पुसला.

"मीही ओरडायला नको होतं," ती म्हणाली. "ओरडलं की छातीत काही उरत नाही. पुन्हा भरून घेईपर्यंत वेळ जातो." "नऊ ना?"

घाईकाकूने मान हलवली.

"पहिल्या खेपेला बरे आहेत." आईने कोपऱ्यातला झाडू उचलून तिच्या हातात दिला. "उद्या सकाळी सहाला तयार राहा. आधी पाठीमागची चार पावलं मोकळी ठेवायला शिक. श्वासाचं नंतर बघू."

मग ती वळली आणि भावाच्या पोटावर घसरली. पोट नसतं तर कडी अडकली असती का, आणि हवा तरी केवढी गरम आहे आज.

घाईकाकूने आधी घोडा फाटकापाशी नेऊन लावला. मग परत येऊन, हातात झाडू धरून, ती मामाच्या जागेवरून एकेक पाऊल मागे चालत गेली. एक, दोन, तीन, चार. आणि तिला हसू काही आवरेना.