मोटर गेली म्हणतात, ती मीच

मित्रांनो, भंगारवाल्याला हाक मारायची एवढी घाई करू नका. मी एक जुनी मोटर आहे, पण अजून मेलेली नाही. अमरावतीच्या एका घरात, मागच्या पडवीत, कपडे धुवायच्या दगडाजवळ मला ठेवलं आहे. गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजला की माझ्या पोटातलं तांबं थरथरतं.

शेतातल्या विहिरीवर असते तसली धिप्पाड मोटर मी नव्हे. गरम पाण्याचा टब असतो ना, माणूस उतरला की छातीपर्यंत पाणी येतं असा, त्याच्या तळाशी मी राहायचे. टबातलं पाणी गाळणीतून ओढायचं, तापवणाऱ्या कांडीवरून न्यायचं आणि पुन्हा टबात सोडायचं, हे माझं काम. शेजारी बुडबुडे काढणारी एक मोठी मोटर होती. ती जरा वेळ धडधडली की लोक टाळ्या वाजवायचे. मी दिवसरात्र राबायचे, तर मी आहे हेही कोणाला ठाऊक नसायचं. घर चालवणारीच्या वाट्याला हेच येतं, मित्रांनो. बोलत नाही म्हणून कळत नाही असं समजू नका.

माझा जन्म कोइमतूरचा. तारेचे वेढे देणाऱ्या बाईने मला पाण्यावर चालवून पाहिलं, कान लावला आणि मान डोलावली. तेच माझं बारसं. तिथून मी आले चिखलदऱ्याला, एका हॉटेलात. बाहेर धुकं, आत ऊन पाणी. अकोल्याची उन्हं सोसलेली माणसं त्या थंडीत कुडकुडत यायची, टबात बसली की डोळे मिटायची आणि म्हणायची, "वा, टब काय भारी आहे!" टब! असो. तिथे भिंतीवर मोठी पाटी होती, पाण्यात साबण आणू नये. आणि एक आशाबाई होत्या, त्या दर आठवड्याला झाकण उघडून गाळणी नळाखाली धुवायच्या. त्यांच्या हाताची मला सवय झाली होती.

मग हॉटेल दुसऱ्याने घेतलं. टब मागच्या अंगणात गेला. माझ्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर पाला, पाल्यात सरडे. मी कोरडी पडून राहिले. कोरडं पडणं म्हणजे काय, ते पाण्यातल्यालाच कळतं.

तिथून मला सोडवलं किसनरावांच्या मोडलेल्या खुब्याने. किसनराव भातकुलीकडचे, काळ्या मातीत जन्म गेलेला माणूस. न्हाणीत पाय घसरला, खुब्यात पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात उभं राहून रोज पावलं टाका, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा. मुलाने चिखलदऱ्याचा टब टेम्पोत घालून घरी आणला, पडवीत बसवला आणि तो नोकरीवर पुण्याला परत गेला. मागे राहिल्या किसनरावांच्या बायको दुर्गाबाई आणि सून वर्षाली.

जमिनीवर किसनराव खुर्चीतून उठत नसत. समोर चपला मांडलेल्या, त्यांच्याकडे नुसते पाहत बसायचे. पण पाण्यात उतरले की काठ धरून चालायचे. मी पाणी ऊन ठेवायचे आणि त्यांचे पाय मोकळे व्हायचे. खोटं कशाला सांगू, इतकी मी चिखलदऱ्यालाही कधी मिरवले नव्हते.

दिवाळीनंतर मला दम लागू लागला. पाणी ओढायला जावं तर पाणीच येईना. घशात बोळा कोंबल्यासारखं झालं. माझा आवाज फाटला, अंग तापलं. पाणी फिरेना म्हणून तापवणारी कांडी आपोआप बंद पडायची आणि टबावरच्या काचेत लाल अक्षरं लुकलुकायची. पाणी गार झालं. किसनराव पुन्हा खुर्चीत आणि चपला पुन्हा समोर.

दुर्गाबाईंनी किशोरला बोलावलं. बोअरच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, पण असला टब त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. त्याने वायरी तपासल्या, माझा पंखा बोटाने फिरवला. तो छान फिरला. मला वाटलं, सुटले!

"काकू, पाण्यात काही टाकलं का? साबण, शाम्पू?"

दुर्गाबाई उसळल्या. "काहून टाकीन? साबणाची बंदी हाय म्हणून सांगतलं होतं पोरानं. साबणाचा वासही लागू देल्ला नाई मी पाण्याले!"

हे खरंच होतं. किशोरने मान खाजवली. "मंग मोटर गेली. फिरते, पण पाणी फेकून नाई राहिली. नवी टाका."

मोटर गेली! मी तिथेच, जिवंत, आणि माझ्यासमोर माझं मरण बोललं गेलं. त्याने वीज तोडली, दोन्हीकडच्या पाण्याच्या चाव्या बंद केल्या, नळीच्या जोडावरच्या आट्या सोडल्या आणि मला उपटून दगडाजवळ ठेवलं. माझ्या जागी दुकानातून आणलेली नवी बसली. निळी, गुळगुळीत, अंगावर एक ओरखडा नाही. किशोरने चाव्या उघडल्या, आटी जरा ढिली करून नळीतली हवा काढली आणि तिला चालू केलं. ती हळू आवाजात गुणगुणू लागली.

"काय गोड आवाज हाय बाप्पा," दुर्गाबाई म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, गा बाई, गा. पहिल्या दिवशी सगळ्याच गोड असतात.

"जुनी नेऊ का काकू? आत तांबं हाय," किशोर म्हणाला.

"उद्या नेजो. आज चहा घे."

चहा संपायच्या आत नवीचा आवाज फाटला. तीच घरघर, तीच धाप. आधी मला बरं वाटलं, खोटं बोलत नाही. पण मग तिची वेदना कळली. हे माहीत होतं मला. पाणी न मिळता फिरत राहिलं की आतून जळायला होतं. ती जळाली तर किसनरावांचं पाणी कायमचं गार होणार. मी ओरडत होते, अगं थांब, अरे बंद करा तिला! पण वायर तुटलेल्या मोटरीचं कोण ऐकणार?

वर्षालीनेच धावत जाऊन बटण दाबलं.

"हे पण खराब निंगाली," किशोर म्हणाला. "कंपनीचाच माल खराब. तिसरी पाहू."

किसनराव खुर्चीतून म्हणाले, "राहू दे आता. माह्या पायात काय उरलं नाई." आणि त्यांनी चपला काठीने बाजूला सारल्या.

दुर्गाबाईंनी ते पाहिलं. मग त्या कडाडल्या, "थांब रे किशोर. एक सून वाईट निंगाली तं मी मानीन. पाठोपाठ दोन्ही वाईट कशा निंगतीन? या घरातच काही असन!"

वर्षालीने पदराने तोंड दाबलं.

"हसून काय राहिली वं? पाह्य, कुठी अडून राहिलं पाणी."

वर्षालीने टबाच्या कोपऱ्यातली वाटी उचलली. वाटीखाली ताट होतं. ताटाखाली झाकण निघालं, आणि झाकणाखाली गाळणी. गाळणी कसली, पिवळा लगदा! तेल आणि उटणं. साबणाला बंदी, म्हणून दुर्गाबाई नरकचतुर्दशीपासून किसनरावांना रोज तेल-उटणं चोळून टबात उतरवत होत्या, आणि उटण्याची वाटी नेमकी त्याच झाकणावर ठेवत होत्या.

"बजारचं उटणं असन भेसळीचं," दुर्गाबाई पुटपुटल्या.

"आई, घरचंच होतं. तुमी दळलं."

"बरं, मंग धू ना आता! का आरती करतं त्याची?"

गाळणी धुतली, टबातलं पाणी बदललं, नवी सुरू केली. ती जी गोड गुणगुणू लागली, ती आजवर तशीच चालते आहे, आणि किसनराव पुन्हा ऊन पाण्यात पावलं टाकू लागले. मला परत कोणी बसवलं नाही. चालत्या मोटरीला कोण उपटतं? पण दुसऱ्या दिवशी किशोर आला तेव्हा दुर्गाबाई आडव्या आल्या. "तिले हात लावू नको. तिचा काही गुन्हा नोयता."

तरी भोंगा वाजला की मी घाबरते. माणसाचा शब्द आज आहे, उद्याचं कोणी पाहिलं?

परवा सकाळी भोंगा अगदी दाराशी वाजला. दुर्गाबाई देवळात गेल्या होत्या. आणि पडवीत चपला घासत आल्याचा आवाज झाला. किसनराव! काठी नाही, कोणाचा हात नाही. कोरड्या जमिनीवर येत होते. दगडापाशी येऊन त्यांचा तोल गेला आणि आधाराला त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला. मी हलले नाही. सगळा भार घेतला. त्यांनी दम खाल्ला आणि गल्लीकडे पाहून ओरडले, "काही नाई रे बावा द्यायचं! जाय समोर!"

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी धापा टाकत असेल. पंखा असेल, पाट्यावर वाटणारी आजी असेल. तिला टाकून द्यायच्या आधी एकदा झाकण उघडा. वर कोणी वाटी ठेवली आहे का, तेवढं बघा.