तिसऱ्या पायरीचा निवद

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण वर्गाच्या चार भिंतींची सोय होती म्हणून.

२००४ साली माझी विद्यार्थिनी शिवांजली हिनं पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. विषय होता शिरोळ तालुक्यातल्या जुन्या विहिरी. एका सरदार घराण्याची पायऱ्यांची बारव दीडशे वर्षांपूर्वी वेठीला धरलेल्या माणसांनी खणली, दरड कोसळून त्यातली चार मेली आणि घराण्याच्या कागदांत त्यांचा उल्लेखही नाही, असं तिनं चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं. त्या घराण्याचे वारस उदयसिंह हे जयसिंगपूरला ती जिथं हंगामी शिकवायची, त्या संस्थेचे अध्यक्ष. एका दैनिकात प्रकरणाचा गोषवारा छापून आला आणि आमच्या विभागाच्या काचा फुटल्या. वर आम्हालाच सांगण्यात आलं, वातावरण बिघडवू नका.

मी तिला म्हणालो, चौथं प्रकरण काढ, पदवी घे, नोकरी टिकव. तिनं प्रकरण काढलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. तिनं फक्त ज्या म्हातारीकडून हे ऐकलं होतं, तिला त्रास नको म्हणून तळटीपेत 'नाव गुप्त' असं लिहिलं होतं.

मौखिक परीक्षा खुली असते. कुणीही यावं, प्रश्न विचारावा. त्या दिवशी निम्मं सभागृह उदयसिंहांच्या माणसांचं होतं. बाळासो नावाच्या त्यांच्या कार्यकर्त्यानं विचारलं, साक्षीदाराला नावच नाही, मग ही बाई तुम्ही मनानं रचली नाही कशावरून? प्रश्न बिनतोड होता. परीक्षकांनीही मान हलवली. नाव सांगावं तर उदयसिंहांच्याच जागेतलं म्हातारीचं घर जाणार, न सांगावं तर प्रकरण.

तेवढ्यात मागच्या दारापाशी एक म्हातारी उठली. तानाबाई. शिवांजलीनं तिला अमक्या दिवशी अजिबात येऊ नका, असा निरोप धाडला होता. दिवस तिला त्या निरोपामुळंच कळला.

"मीच हाय की ती बाई," ती म्हणाली. "माज्या नावाला काय झालंय?"

दर अमावस्येला तिच्या घरच्या बायका बारवेच्या तिसऱ्या पायरीवर निवद ठेवतात आणि मेलेल्यांची नावं घेतात. सासूनं सुनेला दिलेली नावं. तिनं ती तिथंच, माइकशिवाय घेतली.

"पिराजी. ज्ञानू. आकाराम. चिमणाबाई. चिमणाबाईच्या पोटातलं."

बाळासोसुद्धा हलला नाही. दफ्तरं चाळण्यात माझा जन्म गेला, पण दीडशे वर्षांचा पुरावा असा आपल्या पायांनी चालत आलेला मी कधी पाहिला नव्हता. पोटातलं शिवांजलीनं मोजलंच नव्हतं.

नाव छापलं तर घर जाईल, हे ठाऊक आहे ना, असं परीक्षकांनी विचारलं.

"जाईल की. पर नाव घेतल्याबिगर निवद पोचत न्हाय, सायेब."

परीक्षकांनी दुरुस्ती मंजूर केली. दुरुस्त्या मार्गदर्शकानं, म्हणजे मीच, स्वतःच्या सहीनिशी करायच्या, असा नियम आहे. शिवांजलीची नोकरी आणि तानाबाईचं घर, दोन्ही जाणार हे मला टेबलाशीच दिसत होतं. पावसाळ्याआधी दोन्ही गेलीच. बाळासो माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. मी पेन उघडलं. 'चार' खोडून 'पाच' केलं, 'नाव गुप्त' खोडून 'तानाबाई' लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. पण खाली सही केली, ती पूर्ण नावाची.