हिरामणची चक्री

त्या दिवशी कुळगावात कोंबडं आरवायच्या आधी हिरामण आरवला.

"जयदेवा! भायेर ये! माजा इस्क्रू कोनी सैल केला?"

कुडापलीकडून जयदेव तोंडातली राखुंडी थुंकत आला. "येड लागलं का रं? तुज्या सायकलीला हात लावायला मला काय खरूज झालीया?"

हिरामणनं फवारणीच्या पंपाचं इंजिन सायकलीला बसवलं होतं. ते सुरू झालं की अंबरनाथचे कावळे मुक्काम हलवायचे म्हणतात. पण गेले दोन सोमवार इंजिन बोंबलत होतं आणि सायकल चिखलातल्या म्हशीसारखी ढिम्म उभी. इंजिनाच्या दांड्यावर चेनची दातेरी चक्री एकाच इस्क्रूनं धरलेली. तो सैल पडला की दांडा एकटाच गरगरायचा, चक्री जागची हलायची नाही.

हिरामण आणि जयदेव, दोघंही बेल विकणारे. श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या वळणावर ज्याचं पोतं आधी पडेल, दिवसभर ती जागा त्याची. दोन्ही सोमवारी जयदेव रिक्षानं आधी पोचला होता. आता श्रावणातला शेवटचा सोमवार तेवढा उरलेला. मग इस्क्रू सैल करण्यात फायदा कुणाचा? हिरामणला पंचांग बघायची गरज नव्हती.

रात्री त्यानं सायकलीभोवती चुलीतली राख पसरली. सकाळी राखेत पावलं!

"विठे, बग! सापडला चोर!"

विठानं नवऱ्याचा पाय धरून ठशावर ठेवला. तंतोतंत बसला. "तुमचाच हाय ह्यो."

"म्हंजे जयदेव माज्या मापाचा पाय घेऊन आला!"

"अवो, झोपंतनं उठून तुमीच पाना लावता. घट हाय का बगायला इस्क्रू सैल करता, परत आवळता. लोखंड झालं म्हनून काय झिजायचं नाय?"

हिरामणनं डोळे बारीक केले. "तुजं म्हायेर आन् जयदेवाची सासुरवाडी एकच गाव. ध्यानात हाय माज्या."

शेवटी सायकल टेम्पोत टाकून त्यानं उल्हासनगर गाठलं. कॅम्प चारमधल्या वर्कशॉपवाल्या नरेंद्रशेठनं इस्क्रू काढला, भोकात बोट फिरवलं.

"साईं, आटे गेले सगळे. रोज खोलके देखता था क्या?"

"तुमाला कोन बोललं? जयदेव आला व्हता का हितं?"

"कौन जयदेव? अरे भाऊ, गोल शाफ्टवर एक इस्क्रू किती धरणार?"

शेठनं चक्री आणि दांडा दोन्हींतून आरपार भोक पाडलं, पोलादी पिन ठोकली आणि दोन्ही टोकं हातोडीनं चेपून टाकली. "अब तेरा बाप भी नहीं खोल सकता."

"मंग घट हाय का नाय ते बगायचं कसं?"

"बघायचं नाही. चालवायचं!"

सोमवारी सायकल अशी सुटली, की रस्त्यातलं कुत्रं भुंकायला तोंड उघडेपर्यंत हिरामण पुढच्या कुत्र्याजवळ. वळणावर त्याचं पोतं पहिलं पडलं. जागा त्याची झाली!

मागून जयदेव आला. त्यानं बघितलं आणि हसला. "बस बस, हिरामण. ब्येस झालं." पलीकडं गटाराच्या कडेला त्यानं आपलं पोतं निमूट अंथरलं.

हिरामणनं हातातली बेलाची जुडी खाली ठेवली. हरलेला माणूस जळतो, चार शिव्या घालतो. हा हसतो? म्हणजे या जागेत काहीतरी मेख आहे. आपण इथं बसावं, हेच त्याला हवं होतं!

तो ताडकन उठला. "जयदेवा, ऊठ. मी गटाराकडं बसतो. तू बस हितं."

"आरं, पन जागा तुजी हाय!"

"ऊठ म्हनतो ना! मला येडा समजलास?"

जयदेवानं मान हलवली आणि वळणावर जाऊन बसला. दुपारपर्यंत त्याची टोपली रिकामी. गटाराकडं फिरकली ती एक गाय. तिनं दोन जुड्या खाल्ल्या.

घरी विठानं बेलानं शिगोशीग भरलेली टोपली बघितली आणि कपाळाला हात लावला. "तुमी सोताहून त्याला जागा दिलीत?"

"दिली. आन् बसला का नाय लगेच?" हिरामण मिशीवरनं हात फिरवत म्हणाला. "मी बोललो नव्हतो? त्याला तीच जागा पायजे व्हती!"