शेवटच्या वर्षाची मुलगी

मला कोच म्हणून कोणी नेमलं नव्हतं. मला क्षिप्राने धरून नेलं होतं.

चार वर्षांपूर्वी ती कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला कोच नव्हता. आधीचा सोडून गेला होता, आणि सतत हरणाऱ्या संघासाठी नवा शोधायची कोणालाच घाई नव्हती. मी आणि माझी बायको स्मिता तिच्या आईवडिलांकडे, सेंगकांगला प्रबोध आणि अनघाच्या फ्लॅटवर जेवायला गेलो होतो. ही माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पुण्यात युनिव्हर्सिटीसाठी खेळायचात ना? की नुसतंच सांगता?"

प्रबोध हसत सुटला. माझ्या खेळाच्या गप्पा तो पंधरा वर्षं ऐकत आलाय. मी बँकेत रिस्क विभागात काम करतो, पोट सुटलंय, जिना चढताना धाप लागते. पण असं कोणी डिवचलं की मला राहवत नाही. पुढच्या मंगळवारी मी गळ्यात शिट्टी अडकवून कोर्टवर हजर झालो.

पहिल्या वर्षी दहापैकी नऊ सामने हरलो. दहावाही हरलो असतो, पण समोरचा संघच आला नाही. क्षिप्रा उंचीने जेमतेम पाच फूट दोन. उडी बेताची, नेमही बेताचा. मी मनात म्हटलं, हिचं काही होणार नाही. मात्र ती एकही सराव चुकवायची नाही, आणि तिला खेळ दिसायचा. कोण दमलंय, कोणाचा पाय आखडलाय, समोरची मुलगी कुठल्या हाताने कच्ची आहे, हे ती मला बाकावर येऊन सांगायची. तिसऱ्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो ते तिच्यामुळे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. टोकियोला इंटर्नशिपला जायची संधी आली होती, ती तिने सोडली, कारण सीझन बुडाला असता. अनघा महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही. "फायनल खेळले नाही तर आयुष्यभर हळहळ वाटेल," एवढंच ती आईला म्हणाली होती.

आणि यंदाच कॉलेजने खेळाच्या कोट्यातून पहिल्या वर्षाच्या तीन मुली घेतल्या. त्यातली जिया यी सहा फूट उंच, देशाच्या युथ संघातून खेळलेली. पहिल्याच सरावात तिने मागे न बघता चेंडू झेलला, वळली आणि सहज बास्केट केली. माझ्या तोंडून मराठीत "आई शप्पथ" निघालं. क्षिप्रा शेजारी उभी होती. म्हणाली, "काका, लाळ पुसा."

खोटं कशाला बोलू, मी त्या तिघींवर भाळलो. नव्या खेळाडूचा मोह कोचला पडतोच. ती पुढे काय काय करू शकेल याला अंत नसतो. जुन्या खेळाडूचं सगळं ठाऊक झालेलं असतं. काय येतं ते, आणि त्याहून जास्त काय येत नाही ते. मी बँकेतल्या सवयीने प्रत्येकीचा तक्ता ठेवायचो. जिया यी सामन्याला अठरा गुण, क्षिप्रा चार. जिया यी अकरा रिबाउंड, क्षिप्रा दोन. समोरचे अंगावर धावून आले तरी चेंडू न गमावता पलीकडे नेला, घाबरलेल्या मुलीच्या कानात दोन शब्द बोलून तिला ताळ्यावर आणलं, यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

तरीही लीगमध्ये एक गोष्ट मी बरोबर करत होतो. तीन क्वार्टर नव्या मुली खेळायच्या आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये मी क्षिप्राला उतरवायचो. त्या आघाडी मिळवायच्या, ही सांभाळायची. या पद्धतीने आम्ही सगळे सामने जिंकलो आणि कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा मुलींचा संघ फायनलला गेला.

उपांत्य सामना संपल्यावर मी पाण्याची बाटली घ्यायला मशीनपाशी गेलो. पलीकडे जिया यीचे वडील दुसऱ्या एका पालकाशी बोलत होते. मी त्यांना दिसत नव्हतो. "एव्हरी गेम लास्ट क्वार्टर सेम गर्ल," ते म्हणाले. "देअर ओन पीपल, वॉट. कांट हेल्प इट लाह."

रागावून बोलले असते तर मी तिथेच भांडलो असतो. पण ते हसत, समजुतीने बोलत होते, आणि ते मला जास्त झोंबलं.

झोंबण्याचं कारण आहे. वीस वर्षं इथे परदेशात राहिलो, पीआर म्हणजे कायमचा रहिवासी झालो, पुंगोलला घर घेतलं, पण 'यांनी आपल्यातल्याला पुढे केलं' असं कोणी म्हणू नये म्हणून मी कायम जपत आलोय. बँकेत मराठी उमेदवाराचा अर्ज आला की मुलाखतीला मी दुसऱ्याला बसवतो. स्वतः बसावंच लागलं तर सगळ्यात अवघड प्रश्न त्यालाच विचारतो. दोन चांगली पोरं अशी घालवली असतील मी. आणि या गोष्टीचा मला अभिमान होता! इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी हे मोठ्याने सांगायचो.

फायनलच्या आदल्या आठवड्यात मी क्षिप्राकडे फारसं बघितलंच नाही. सरावात बाकीच्यांना एकदा ओरडायचो, तिला दोनदा. ती सांगेन तेवढं धावत राहिली. स्मिताने मात्र घरी विचारलं, "शेवटची मॅच आहे पोरीची. खेळवणार आहेस ना?" मी म्हटलं, "गरज पडली तर." स्मिता भाजी चिरत राहिली.

फायनल शनिवारी दुपारी होती. प्रबोध आला होता, आणि आयुष्यात एकही सामना न बघितलेली अनघाही आली होती, नवा कुर्ता घालून. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही सात गुणांनी पुढे होतो. क्षिप्रा अजून बाकावरच होती. एरवी चौथा क्वार्टर सुरू होतानाच मी तिला पाठवायचो. त्या दिवशी मी स्वतःला सांगत होतो की जिया यी उत्तम खेळतेय, लागलेली लय कशाला मोडायची.

मग समोरच्या संघाने पूर्ण कोर्टभर दाब टाकला. चेंडू हातात आला रे आला की दोन-दोन मुली अंगावर. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनी असला दाब शाळेत कधी पाहिला नसावा, कारण शाळेत त्यांच्या अंगावर जायची कोणाची हिंमतच नव्हती. दोनदा चेंडू गेला. सातची आघाडी तीनवर आली. क्षिप्रा तीन वर्षं असल्याच दाबातून वाट काढत आली होती.

"जा," मी तिला म्हटलं.

ती वाटच बघत होती. जॅकेट काढून तिने बाकावर टाकलं आणि धावत स्कोअररच्या टेबलापाशी गेली. बदली खेळाडूने तिथे जाऊन नाव द्यायचं आणि खेळ थांबेपर्यंत खुर्चीवर बसून राहायचं असा नियम आहे. ती बसली. वर गॅलरीत अनघा उभी राहिली, तिने प्रबोधचा दंड धरला होता. आणि त्यांच्याच दोन ओळी खाली जिया यीचे वडील. त्यांनी क्षिप्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेजाऱ्याला हसून काहीतरी म्हणाले.

काय म्हणाले ते मला आजही माहीत नाही. कदाचित सामन्याबद्दल काही नसेलही.

"क्षिप्रा, कम बॅक," मी ओरडलो. चार वर्षांत मी तिच्याशी इंग्रजीत बोललो नव्हतो. तिला आधी कळलंच नाही. टेबलामागच्या माणसाने तिला हाताने सांगितलं. ती उठली, शंभर-दीडशे लोकांसमोर चालत परत आली, जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बाकाच्या टोकाला बसली.

एक मिनिट राहिलं तेव्हा बरोबरी झाली होती. मी टाइमआउट घेतला. जिया यी घामाने निथळत होती. ती म्हणाली, "कोच, आय कांट. पुट क्षिप्रा, कॅन? प्लीज." ती अठरा वर्षांची मुलगी माझ्याहून शहाणी होती. मी म्हटलं, "यू आर डूइंग फाइन. प्ले." आम्ही तीन गुणांनी हरलो. जिया यी कोर्टवरच बसून हुंदके देत राहिली, आणि तिच्या शेजारी मांडी घालून तिची पाठ थोपटत बसली होती क्षिप्रा. मी स्कोअरशीटवर सही करण्याच्या निमित्ताने तिकडे गेलोच नाही.

त्यानंतर दोन आठवडे मी प्रबोधचे फोन उचलले नाहीत. त्याला काय तोंड दाखवणार? पोरीला सगळ्यांदेखत खाली मान घालायला लावली होती मी. तिसऱ्या रविवारी त्याने स्मिताला फोन करून जेवायलाच बोलावलं. मी जाताना मनात सगळी तयारी केली होती. आकडे, जिया यीची लय, उंची, सगळं. ऐकून घेईल तेवढं सांगायचं आणि मग माफी मागायची.

दार उघडल्या उघडल्या प्रबोधने मला मिठी मारली. "अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? तुझी काय चूक त्यात? ऐनवेळी हिचाच गुडघा दुखायला लागला, त्याला तू काय करणार!"



"हिने सांगितलं आम्हाला," अनघा स्वयंपाकघरातून म्हणाली. "खुर्चीवर बसली आणि कळ आली म्हणे. हिनेच तुम्हाला खूण केली, परत बोलवा म्हणून. मला तर वरून वाटलं, तुम्हीच बोलावलंत. मी दोन दिवस तुमच्यावर चिडून होते, खरं सांगते."

क्षिप्रा टेबलावर ताटं मांडत होती. तिने वर बघितलं नाही.

जेवणाआधी ती कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली. मी तिच्या मागे गेलो. मी म्हटलं, "क्षिप्रा, त्या दिवशी माझ्या डोक्यात असं होतं की जिया यीची लय..."

"काका, प्लीज," ती म्हणाली. "आकडे नका सांगू. मी तिच्याइतकी चांगली नाहीये, आय नो. तिने पूर्ण मॅच खेळणं फेअर होतं, मला चाललं असतं. मला फक्त एक सांगा. मी तुमच्या मित्राची मुलगी नसते, टॅन किंवा लिम आडनावाची कोणी चिनी मुलगी असते, तर तेव्हा मला खेळवलं असतंत?"

 मला वाटलं, निदान एवढं तरी खरं बोलावं.

"हो," मी म्हटलं. "खेळवलं असतं."

तिने मान हलवली. पिशवी टाकली, हात झटकले. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "मी पहिल्या वर्षी तुम्हाला बोलावलं ना, तेव्हा वाटलं होतं की आपल्या घरातलं कोणीतरी असेल बाकावर. बरं वाटेल."

"मग गुडघ्याचं का सांगितलंस?"

"बाबांना इथे तुमच्याशिवाय कोण आहे?" असं म्हणून ती आत गेली.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. ठरवलं, आत जायचं आणि प्रबोधला सगळं सांगून टाकायचं. तो चिडेल, बोलणं टाकेल, टाकू दे. निदान या पोरीच्या डोक्यावरचं खोटं तरी उतरेल. आत गेलो, ताटावर बसलो. अनघाने श्रीखंड केलं होतं, माझ्या आवडीचं, केशर घालून. स्मिता माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला.

"बरं झालं आलास," प्रबोध पुरी मोडत म्हणाला. "हिला जरा तू समजाव. दोन आठवडे मागे लागलोय, गुडघा डॉक्टरला दाखव म्हणून, ऐकतच नाही. आमचं नाही, पण तुझं नक्की ऐकेल ती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. क्षिप्रासुद्धा. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती, मी काय करतो याची.

माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं. प्रबोध, हिचा गुडघा ठणठणीत आहे. पाच शब्दांचं वाक्य. मी तोंड उघडलं.

"दाखवून घे गं एकदा," मी म्हणालो. "असं अंगावर काढू नये."

 क्षिप्राने श्रीखंडाचं भांडं उचललं आणि माझ्या ताटात वाढलं.

"हो काका," ती म्हणाली. "दाखवते."