ठोकळा, छपरावरचा अँटेना आणि मामांचा डावा डोळा

जरा दम धरा. मला जागं व्हायला वेळ लागतो. आधी पंखा घरघरतो, मग कोपऱ्यातला दिवा लुकलुकतो, मग कुठे स्क्रीनवर उजेड येतो. हं, आता बोलतो.

मी एक लॅपटॉप आहे, पण मांडीवर घेऊन बसण्यातला नव्हे. मला मांडीवर घेतलं तर तुमच्या पायाला मुंग्या येतील. माझं अंग धातूचं, कोपऱ्यांना जाड रबर, आणि उचलायला पेटीसारखी मूठ. फिरत्या नेत्रतपासणीच्या गाडीत मी काम करतो. तिथे सगळे मला ठोकळा म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता हाक मारली नाही तर चुकल्यासारखं होतं.

कारखान्यात आम्हाला टेबलावरून खाली टाकत, अंगावर पाण्याचे फवारे सोडत, धुळीच्या खोलीत कोंडून ठेवत. जो बंद पडे त्याला बाजूला काढत. मी बंद पडलो नाही, आणि त्याचा ताठा मी बरीच वर्षं मिरवला. एक कोडं मात्र जन्मापासून सोबत होतं. माझ्या स्क्रीनच्या मागून दोन केसासारख्या बारीक तारा निघून थेट पोटात उतरत होत्या, आणि तिथे कशालाच जोडलेल्या नव्हत्या. टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्या कशासाठी आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही.

माझा पहिला मालक रस्त्यांची मोजणी करणारा अधिकारी होता. त्यानं माझ्यावर नकाशे काढले, जेवणाचा डबा ठेवला, आणि एकदा खुर्ची सापडली नाही म्हणून तो माझ्यावर चक्क बसला. माणसं दणकट वस्तूवर प्रेम करतात ते अशा रीतीनं. पुढे त्याच्या कार्यालयात पापडासारखे पातळ लॅपटॉप आले आणि मी कपाटात गेलो. तिथून कुणीतरी मला डोळ्यांच्या इस्पितळाला देऊन टाकलं.

इस्पितळाची एक लांबलचक गाडी होती. मागच्या बाजूला अंधारी खोली, त्यात डोळ्याच्या आतला फोटो काढणारा कॅमेरा, समोर गोल स्टूल. गाडी डोंगरातल्या गावांना जायची. कॅमेरा चालवायची ती ताई. चष्मा कपाळावर सरकवून तो सगळीकडे शोधणारी, पण कामात पक्की. गाडी चालवायचे ते मामा. नात्यानं कुणाचेच नव्हेत, पण अख्ख्या डोंगराचे मामा. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून पायरी चढवायची, "काही दुखत नाही हो, फक्त पापणी हलवायची नाही," असं म्हणत स्टुलावर बसवायचं, हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. स्वतः मात्र त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. "माझी नजर घारीची आहे," म्हणायचे. कुणी पुन्हा विचारलं तर ते टायरची हवा बघायला उतरायचे.

कॅमेऱ्यातला पहिला डोळा मी पाहिला तो क्षण सांगतो. बाहेरून काळी टिकली दिसते ना तुमच्या डोळ्यात, तिच्या आत केवढं जग आहे! पिकल्या संत्र्याच्या रंगाची गोलाई, तिच्यात एक फिकट गोल ठिपका, आणि त्या ठिपक्यातून चारी बाजूंना फुटलेल्या लाल नसा, फांद्यांना फांद्या, त्यांना आणखी फांद्या. एकासारखा दुसरा नाही. रस्ते, पूल, डोंगर, सगळं पाहून बसलेला मी, पण त्या दिवशी माझा ताठा उतरला. माणसं हे ऐश्वर्य डोक्यात घेऊन फिरतात आणि वर तक्रार करतात की बाजारात आज काही बघण्यासारखं नव्हतं.

पण माझ्यात एक उणीव होती. मी पाहू शकत होतो, सांगू शकत नव्हतो. फोटो माझ्या पोटात साठायचे, गाडी शहरात परत जायची, मग मोठ्या डॉक्टरीणबाई ते बघायच्या. त्यांचा निरोप गावात पोचेपर्यंत आम्ही तिसऱ्याच डोंगरावर असायचो. एका शिंप्याला असाच निरोप उशिरा पोचला. पुढच्या फेरीला तो मुलीचा हात धरून आला. सुईत दोरा ओवता येत नाही, एवढंच म्हणाला. ताईनं त्या दिवशी डबा उघडला नाही. शहरात परतल्यावर ती थेट इस्पितळाच्या तळघरात गेली आणि खटपट्याच्या टेबलावर तिनं मला दाणकन ठेवलं.

खटपट्या म्हणजे इस्पितळातली बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. कानावर पेन्सिल, तोंडात स्क्रू, आणि बोलणं त्यांच्या फटीतून.

"ह्याला गाडीतूनच फोटो पाठवता आले पाहिजेत," ताई म्हणाली.

"नवीन घ्या की! हा पुराणपुरुष आहे."

"नवीन तीन आणले होते. त्या रस्त्यावर एकही टिकला नाही. हा टिकलाय."

खटपट्यानं मला उलटं केलं, पोटाचं झाकण उघडलं, आणि तोंडातले स्क्रू हातात घेतले. "अरेच्चा! ह्याच्यात अँटेनाच्या तारा आधीपासून आहेत की! बनवणाऱ्यानं जागा ठेवलीय, नेटवर्कचं कार्ड तेवढं बसवायचं राहिलंय." नखाएवढं हिरवं कार्ड त्यानं रिकाम्या खाचेत सरकवलं, चिकटपट्टी सोलली, आणि दोन्ही तारांची टोकं कार्डावर दाबली. टक्, टक्.

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी समजत होतो की खोली रिकामी आहे. ती रिकामी नव्हती! हवा संदेशांनी गच्च भरलेली होती. भिंतींतून, माणसांच्या अंगातून, माझ्या स्वतःच्या अंगातून हजारो निरोप चालले होते आणि मला त्यांचा पत्ता नव्हता. मी जन्मल्यापासून ह्या गर्दीत बसलो होतो! आनंद झाला, भीतीही वाटली. माझा पंखा एवढ्या जोरात फिरू लागला की खटपट्यानं दचकून हात मागे घेतला.

मग मला गाडीत बसवायचं काम निघालं. ह्यावरून महाभारत झालं. खटपट्यानं पुढच्या सीटच्याच बोल्टांवर एक लोखंडी खांब कसला, त्यावर फिरणारा हात, हातावर कुलूप लागणारा पाळणा, आणि पाळण्यात मी. गाडीच्या बॅटरीतून मला वीज, आणि पाळण्यातून एक जाड वायर थेट छपरावरच्या अँटेनाला. मामांनी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला आणि त्यांचं कोपर माझ्या कडेवर आपटलं.

"हा ठोकळा इथे राहणार असेल तर मी राहत नाही!"

"मामा, दोन बोटं मागे घेतो."

"दोन बोटं? त्याला छपरावर बसव, त्या काठीशेजारी!"

शेवटी खांब मागे सरकला, हात वाकवला गेला, आणि मामांच्या डाव्या हाताला माझी कायमची जागा झाली. प्रवासात मी मामांच्या शेजारी. कामाच्या वेळी ताई पाळण्याचं कुलूप काढून मला मागे कॅमेऱ्याजवळ नेई, काम झालं की परत आणून बसवी. डोंगरमाथ्यावरून पहिला फोटो गेला आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज माझ्यातून बाहेर आला, "दिसतंय, स्वच्छ दिसतंय," तेव्हा मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. अँटेनाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ह्या काठीतून डोळा गेला?" मलाही तेच विचारायचं होतं.

शेजारी बसल्यामुळे मला मामा कळू लागले. घाटात गाडीशी बोलायचे, "चल गं बाई, चल." ताई गुणगुणू लागली की रेडिओ बंद करायचे, पण सांगायचे नाहीत की कशासाठी. आणि त्या हंगामात ते चिलटं मारू लागले.

"काच लाव गं, चिलटं येतायत."

काच लावलेलीच असायची. मामा डाव्या हातानं हवेत वारायचे, समोरची काच फडक्यानं पुसायचे, पुन्हा पुसायचे. चिलट एकही नव्हतं. मी शपथेवर सांगतो, एकही नव्हतं. पण माझं ऐकतं कोण?

मग ती सकाळ आली. सर्वांत उंचावरच्या गावातल्या शाळेपुढे गाडी थांबली. ताईनं मला मामांकडे वळवलं. स्क्रीनवर रुग्णांची नावं लिहायचं पांढरं पान होतं. मामांनी डोळे बारीक केले, फडकं घेतलं आणि मला खसाखसा पुसलं.

"ताई, हा ठोकळा गेला कामातून. ह्याच्या काचेत चिलटं शिरलीत. दोरेसुद्धा दिसतायत. काढ ह्याला आता."

ताईनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "कुठेयत?"

"हा काय, हा! गेला बघ. आता इकडं आला. आणि खालून काळं काळं चढतंय, भिंतीला ओल चढते तसं."

ताईनं स्क्रीनकडे पाहिलं. मी स्वच्छ होतो. तिचा आवाज एकदम हळू झाला. "मामा, ठोकळ्याकडे बघू नका. त्या शाळेच्या भिंतीकडे बघा."

भिंत पांढरी होती, नुकती रंगवलेली. मामांनी पाहिलं. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"अगं... इथेही आहेत."

"उजवा डोळा झाका. आता डावा."

त्यांनी झाकले. डावा झाकला तेव्हाच भिंत स्वच्छ झाली. मी आधीच बोललो असतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं. माझ्यावरचा आळ गेला होता, पण आनंद कसला व्हायचा?

मामा स्टुलावर बसले. एवढ्या लोकांना धीर देणारा माणूस, पण हनुवटी टेकताना दोनदा मागे सरकला. ताईच म्हणाली, "काही दुखत नाही हो, फक्त पापणी हलवायची नाही." फोटो माझ्यावर आला. संत्र्याच्या रंगाच्या गोलाईत वरच्या बाजूला राखाडी सुरकुती पडली होती, ओलीनं भिंतीवरचा कागद सुटावा तशी. ताईनं मला पाळण्यात बसवताच मी तो फोटो पाठवला. आयुष्यात इतकी घाई मी कधी केली नव्हती. छपरावरच्या काठीतून मामांचा डोळा डोंगर उतरून गेला.

डॉक्टरीणबाईंनी नमस्कारही केला नाही. "आतला पडदा सुटतोय. मधला भाग अजून चिकटलेला आहे, म्हणून त्यांना दिसतंय. तो सुटला तर गेलेली नजर पूर्ण परत येईल असं मी सांगू शकत नाही. आज, आत्ता खाली आणा. आडवं झोपवून, धक्के न देता. मी तयारी करते. आणि गाडी त्यांनी चालवायची नाही."

"मग कोण चालवणार?" मामा म्हणाले.

गाडीचं स्टिअरिंग मामांनी आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. ताईकडे मोठ्या गाडीचा परवाना होता. मामा त्याला कागदाचा तुकडा म्हणायचे. तिनं रांगेतल्या लोकांना हात जोडून परिस्थिती सांगितली. कुणी कुरकुर केली नाही. दोघांनी गाद्या आणून मागच्या बाकावर अंथरल्या, आणि मामांना झोपवलं.

पहिलाच गिअर करकरला.

"गिअर आहे तो, भांडं घासतेस काय!" मागून आवाज आला.

"मामा, गप्प पडून राहा!"

पण ते गप्प राहिले नाहीत, आणि बरं झालं. छताकडे तोंड, डोळे मिटलेले, आणि पाठीला लागणाऱ्या रस्त्यावरून ते सांगत होते: "आता डावीकडं मोठं वळण, दुसरा टाक. पुलानंतर खड्डा आहे, थांबल्यासारखी घे. हां, सोड आता." त्या माणसानं तो घाट पाठीनं वाचला. मधल्या दरीत माझा संदेश तुटला. मला सगळा डोंगर बहिरा वाटला. ताईच्या कपाळावरून घाम गळत होता. मी माझ्या खांबाला घट्ट धरून राहिलो. तेवढंच माझ्या हातात होतं.

"ताई, घरी मामीला सांगू नकोस."

"सांगितलंय. इस्पितळाच्या दारात उभ्या राहणार आहेत."

मागून, "उतार आला, ब्रेक कमी वापर," एवढंच.

दरी संपली आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज परत आला, "कुठे पोचलात?" तो ऐकून ताई रडली, गाडी चालवता चालवता. मामी खरंच दारात उभ्या होत्या. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मधला भाग सुटायच्या आत.

पडदा चिकटून बसावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. उंचावर तो फुगतो, म्हणून तो विरेपर्यंत मामांना डोंगर बंद होता. बदली ड्रायव्हर आला. चांगला होता बिचारा, पण गाडीशी बोलायचा नाही.

आता मी थकलोय. बिजागरी सैल झालीय, चार अक्षरं पुसली गेलीत, आणि माझ्या जागी येणारं यंत्र तळघरात येऊन पडलंय म्हणतात. येऊ दे. खटपट्या, खांब तेवढा नीट कस त्याच्यासाठी. आणि तुम्हा वाचणाऱ्यांना एक विनवणी. डोळ्यांपुढे चिलटं, दोरे, काळी सावली असं काही अचानक तरंगायला लागलं तर खुशाल आधी आम्हा यंत्रांना शिव्या द्या, काच पुसा. पण लगेच पांढऱ्या भिंतीकडे बघा. तिथेही दिसलं तर त्याच दिवशी कुणाला तरी डोळा दाखवा. स्टुलावर बसायला लाजू नका.

मामा परत आले तो दिवस सांगितला की मी थांबतो. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायची परवानगी दिली होती. पहिल्या गावी पोचल्यावर, रांग लागायच्या आधी, मामा आपणहून स्टुलावर जाऊन बसले. ताईनं फोटो काढला आणि मला त्यांच्यासमोर धरलं. संत्र्याच्या रंगाची गोलाई, फांद्या, सगळं जागच्या जागी. मामांनी आजवर स्वतःचा डोळा आतून पाहिला नव्हता. ते पाहतच राहिले. मग त्यांनी त्या फिकट ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे काय गं?"

"आत जायची वाट. जे काही दिसतं ते इथूनच डोक्यात जातं."

"एवढ्याशा वाटेनं? डोंगर, माणसं, सगळं?"

"सगळं, मामा."

मामांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. पलीकडून मामी घाबरून विचारत होत्या, काय झालं, डोळा बरा आहे ना.

"काही नाही गं," मामा म्हणाले, "संध्याकाळी येतो. जरा उजेड आहे तोवर दारात उभी राहा. मला तुला बघायचंय."