बाहुलीच्या घरातली जिवती

मित्रांनो, मला बघायचं तर जरा खाली वाका. मी आगपेटीच्या पातळ फळीवर काढलेलं एक जुनं चित्र आहे, तुमच्या अंगठ्याएवढं. माझा रंग उडाला आहे आणि एक कोपरा झुरळांनी खाल्ला आहे. तरी मला नुसतं खेळणं म्हणू नका, मला राग येतो. एके काळी अख्ख्या वस्तीतल्या बायका माझ्यापुढे हात जोडत होत्या.

माझा जन्म चांदा जिल्ह्यातला, गोंडपिपरीच्या पलीकडच्या जंगलालगतच्या एका गावातला. सन पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. मुखरू नावाच्या शेतकऱ्यानं गोठ्याचा कूड बांधून उरलेल्या बांबूच्या कामट्यांतून आपल्या लेकीसाठी, वच्छलासाठी, बाहुलीचं घर विणलं. वर गवताचं छप्पर, आत मातीनं लिंपलेल्या भिंती. अगदी त्यांच्या स्वतःच्या घरासारखंच, फक्त टोपलीएवढं.

घर झालं, पण भिंती बोडक्या. वच्छलाला ते बघवेना. तिनं शिंदीच्या काडीचं टोक चावून कुंचला केला आणि गेरू, हळद, काजळी घेऊन चित्रं काढायला बसली. आधी एक मोर काढला, तो कोंबडीसारखा दिसला. मग मोहाचं झाड काढलं. शेवटी मला काढलं. मी जिवती, म्हणजे लेकराबाळांना जपणारी देवी. आषाढातल्या जिवतीच्या अवसेला तिचं चित्र भिंतीवर लावून आया लेकरांसाठी आयुष्य मागतात. वच्छलानं माझ्या मांडीवर एक लेकरू काढलं आणि त्याला स्वतःसारख्या दोन वेण्या घातल्या.

दारासमोरच्या भिंतीवर एकालाच जागा होती. आगपेटीवरचं वाघाचं छापील चित्रही तिनं सोलून ठेवलं होतं. लाल, चकचकीत! वच्छला कधी वाघाला लावून बघे, कधी मला.

तिची आई सुगंधाबाई तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "वाघ लावते काय कोनी घरात? बाहुलीले लेकरू होईन तं जिवतीच पाहिजे."

"मंग लावू हिले?"

"आंधी भिंत पोतार. मळक्या भिंतीवर जिवती नाई लावाची."

वच्छलानं पांढरी माती कालवून बोटानं ती इवलीशी भिंत पोतारली आणि वाळल्यावर तांदळाच्या खळीनं मला चिकटवलं. वाघ कोपऱ्यात गेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, माझा आनंद तेवढाच. पुढचं ऐका.

त्याच साली जेठ महिन्यात हिवतापाच्या खात्याचा इसरू नावाचा माणूस पाठीवर पंप घेऊन आला होता. सामान बाहेर काढायला लावून त्यानं घराच्या सगळ्या भिंतींवर डासांची दवाई फवारली. भिंतींवर पांढरे ओघळ उतरले, घरभर उग्र वास सुटला. जाताना तो बजावून गेला, "बाई, दिवाळीवरी भिंतीले पोतारा देऊ नका. दवाई दबून जाते."

सुगंधाबाईनं मान डोलावली होती. पण जिवतीची अवस आली आणि तिला त्या भिंती बघवेनात. लेकीसाठी आयुष्य मागायचं ते अशा डागाळलेल्या भिंतीपुढे? तिनं चारही भिंती मन लावून पोतारल्या, मोठी जिवती लावली, दिवा ओवाळला. आळस म्हणून नव्हे, हयगय म्हणून नव्हे. मायेपोटी तिनं हे केलं, आणि हेच मला अजून सहन होत नाही.

डास भिंतीवर पुन्हा सुखानं बसू लागले. थोड्याच दिवसांत वच्छलाला हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी तिचे दात वाजत. मुखरूनं बैलबंडी जुंपून दवाखान्यातून कडू गोळ्या आणल्या. जरा उतार पडला की ती बाहुलीला चिंधी पांघरून म्हणे, "तू भिऊ नोको. तुह्या घरी जिवती हाय."

मी तिच्याकडे बघत होते. रंगाचे हात, तेही काडीएवढे, मी काय करणार? ताप डोक्यात चढला आणि पोळ्याच्या आधीच वच्छला गेली.

पुढच्या जेठात इसरू पुन्हा आला. भिंत बघून थबकला. "पोतारली होती काय, बाई?"

"जिवती लावाची होती ना, भाऊ," सुगंधाबाई म्हणाली. मग कोपऱ्यातल्या बाहुलीच्या घराकडे बघत राहिली. दवाई आपल्याच हातानं पोताऱ्याखाली दबली, हे तिला उमगलं. इसरूनं खालमानेनं विचारलं, "आता दवाई मारू काय?"

"मार. माह्या घरी आता लेकरू नाई उरलं. पन बाजूले सोमारीचं पोट्टं हाय. मच्छर का घर पाहून येते?"

त्या अवसेला सुगंधाबाई दारोदार फिरली. "भिंती नोका पोतारू," म्हणाली. बायका चिडल्या. सोमारी तर तोंडावर बोलली, "मंग जिवती का झाडाले लावू?"

सुगंधाबाई घरी गेली आणि बाहुलीचं घर उचलून अंगणात घेऊन आली. वच्छलानं जशी पोतारली होती तशीच माझ्याभोवतीची भिंत बोटानं पोतारली. म्हणाली, "या भिंतीले दवाई नाई मारली. इथीच पुजा साऱ्या जनी."

आधी सोमारी आली, मग एकेक करत सगळ्या आल्या. माझ्या मांडीवरच्या लेकराच्या दोन वेण्या दिसल्या की जी ती आपल्या लेकराला जवळ ओढून घेई. कितीतरी वर्षं त्या वस्तीची जिवती मीच होते. इतर सगळ्यांच्या लेकरांसाठी मला हळदकुंकू मिळालं. जिनं मला काढलं, तिच्यासाठी मात्र कुणी काही मागायचं उरलं नव्हतं.

पुढे फवारणी थांबली, विटांच्या भिंती आल्या, बाजारात रंगीत जिवत्या मिळू लागल्या. सुगंधाबाईही गेली. आता मी एका डब्यात पडून आहे. माझ्या शेजारी तो वाघही आहे, तोही फिका पडला आहे. आमचं भांडण केव्हाच मिटलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. भिंतीवर चित्रं लावा, हौसेनं लावा. पण चित्र लावलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमच्या धाकट्या भावंडाच्या कपाळावर हात ठेवून बघा, तापलेलं तर नाही ना. माझा हात तिथवर पोचत नाही.